मॅडम फोनवर उत्तर देत न्हाईत

न्हाई, मथळ्यातलं ते वाक्य मी काढणार न्हाई. सत्कार समितीनं कितीही समजावू द्या. "एकसष्टीच्या गौरवग्रंथात असं लिहितात का?" म्हणे. मंग कुठं लिहितात? सुनंदा मॅडमची आणि माझी पहिली ओळख म्हणजे मॅडमनी माझा फोन कट केला. गोड करून पाहिजे असलं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.

तेव्हा मी जुन्या जालन्यातल्या एका आडत दुकानाला बिलाचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. त्याच्या पोटात ओपन सोर्स डेटाबेस. म्हणजे सगळी माहिती तक्त्यांत सांभाळणारं, कुणीही वापरावं, उघडून बघावं, सुधारावं असं सॉफ्टवेअर. सोयाबीनचा सीझन लागला आणि एकेक बिल चढायला असा वेळ लागू लागला की शेटजी म्हणाले, "तुझं मशीन झोपलंय का मीच मेलोय?" कुणीतरी मॅडमचा नंबर दिला. मूळ आष्टीच्या, तंत्रनिकेतनात आयुष्यभर डेटाबेस शिकवलेल्या.

"मॅडम, बिल लई हळू चढून राह्यलंय."

"ग्रुपवर टाका."

"दोनच मिनिटं, मॅडम. शेटजी समोर बसलेत."

"तुम्हाला इथं सांगितलं तर बाकीच्यायला कसं कळंल? ग्रुपवर टाका."

कट.

ग्रुप म्हणजे जिल्ह्यात डेटाबेसशी झटापट करणाऱ्यांचा, मॅडमनीच सुरू केलेला. बियाणे कंपन्यांतले, जिनिंगमधले, दुकानांतले ऑपरेटर, माझ्यासारखे सुटी कामं करणारे. मी रागारागात टाकलं. पहिलं उत्तर मॅडमचं आलंच न्हाई. आलं आष्टीच्या सलीमभाईंचं, ते तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करतात. "इंडेक्स किती लावलेत?" इंडेक्स म्हणजे माहिती जल्दी सापडावी म्हणून लावलेली खूण. मी ऐटीत लिहिलं, सगळ्या कॉलमला. तेव्हा मॅडम बोलल्या, "बाबा, एकेका पोत्याला ढीगभर चिठ्ठ्या चिकटवून राह्यलास. मंग पोतं उचलायचं कव्हा?"

नको त्या खुणा काढल्या, बिलं पळायला लागली. पण खरी गंमत पुढं. अंबडच्या एकानं खाली लिहिलं, "माझंबी हेच दुखणं होतं. विचारायची शरम वाटत होती." फोन का कट झाला ते मला तेव्हा कळलं.

मॅडमच्या कामाबद्दल लिहायचं तर एका जिनिंगचं सांगतो. कापसाच्या आवकीत तिथल्या सगळ्या स्क्रीन अडकायच्या. मालक नवा मोठा सर्व्हर घ्यायला निघालेले. मॅडम रिक्षानं आल्या, नुसत्या खुर्चीवर बसून बघत राहिल्या. मालक वैतागले, "मॅडम, काही करणार का नुसतं बघणार?" मॅडम म्हणाल्या, "तुमचा प्रत्येक कॉम्प्युटर डेटाबेसची एक जोडणी धरून बसलाय. काम असो नसो, सोडत न्हाई. वजनकाट्यावर गाडी लावून ड्रायव्हर चहाला गेल्यावर मागच्यांनी काय करायचं? दुसरा काटा घ्यायचा, का गाडी काढायला लावायची?" मंग त्यांनी मधे एक पूलर, म्हणजे जोडण्या वाटून देणारं सॉफ्टवेअर, बसवून दिला. थोड्याच जोडण्या, ज्याचं काम त्याच्या हातात, झालं की पुढच्याला. तोही ओपन सोर्स. जुन्याच सर्व्हरवर आवक सुरळीत झाली. मालकांनी मॅडमना शाल दिली. मॅडमनी मालकांना हा अख्खा किस्सा ग्रुपवर लिहायला लावला. त्यापेक्षा शाल परवडली, असं मालकांचं तोंड झाल्तं.

दरवर्षी डेटाबेसची नवी आवृत्ती यायच्या आधी तिची कच्ची प्रत येते. मॅडम ती आमच्या खटारा मशीनवर चालवायला लावतात, आणि जे मोडलं ते बनवणाऱ्यांना कळवायला. आम्ही कुरकुरतो. "फुकट मिळतं म्हणून फुकटे झालात का?" असं मॅडम म्हणाल्या की बसतो चालवायला. एकदा मॅडमनी डेटाबेस बनवणाऱ्या जगभरच्या मंडळींना मदतपानातली एक दुरुस्ती पाठवली. ती लाल खुणांनी भरून परत आली. आम्हाला तो अपमान वाटला. मॅडम मात्र वर्गाला निकाल सांगावा तशा वाचून दाखवत होत्या, "पोरांनो, ह्या माणसानं ओळन् ओळ वाचलंय रे आपलं!"

फोन मॅडम करतात, पण वेगळ्याच कामाला. मधे मी एक नोकरी धरली होती, ती गेल्ती तेव्हा आल्ता. नोकरीचा शब्द न्हाई. "रविवारी ये. वरणफळं करून राह्यले." गेलो, पोटभर जेवलो. निघताना म्हणाल्या, "तुझं दुःख ग्रुपवर टाकायचं नसतं. बाकी सगळं टाकायचं." सलीमभाईंची आई दवाखान्यात होती तेव्हा मॅडम रोज फोन करायच्या, ग्रुपला पत्ता न्हाई.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात मॅडमनी जाहीर केलं, "एकसष्टीनंतर मी उत्तरं देणार न्हाई. वाचीन." ग्रुपवरचे तुम्ही सगळे हादरलात. समितीनं ठरवलंय, स्टेजवर सगळ्यांनी हात जोडायचे आणि तो शब्द मागं घ्यायला लावायचा. कशाला? त्यांनी इतकी वर्षं फोन कट केले ते कशासाठी?

कालच मॅडमना एकसष्टावं लागलं, सोहळा तेवढा तुमच्या सोयीनं पुढच्या रविवारी. आज सकाळी ग्रुपवर जाफराबादच्या एका पोरीचा प्रश्न आलाय. ती दवाखान्यात केसपेपर काढते. जुने पेशंट कॉम्प्युटरमध्ये एकदम चढवले आणि तेव्हापासून नाव शोधायला युग लागतंय. "बाहेर लोक ताटकळलेत. कुणीतरी सांगा ना," असं तिनं लिहिलंय. सगळ्यांनी पाहिलंय. कुणी वाचलं त्या यादीचा फोटोच तिनं खाली टाकलाय, निळ्या खुणा दिसून राह्यल्यात मला, तुमच्या एकेकाच्या नावापुढं. मॅडमनीही पाहिलंय. त्या थांबल्यात. आणि तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात.

मॅडम, खूप जगा. साखर, बीपी, गुडघे, सगळं काबूत राहू द्या. डोळे तर बिलकुल शाबूत पाहिजेत, आमची चुकीची उत्तरं वाचायला.

मला वाटतं, एवढी माहिती चढवल्यावर कुठं किती माहिती आहे याचा डेटाबेसला नव्यानं अंदाज घ्यायला सांगायचं राहिलंय. चुकतही असंल. ते मी तिथंच लिहितो, सगळ्यांसमोर. कुणाला काही म्हणायचं असलं तर तिथं म्हणा. ह्या लेखावर मला फोन करू नका, उचलणार न्हाई. ती पोरगी सकाळपासून बसलीय. मी चाललो.