याडीनं उतरवलेला फेटिया

भोकरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली अन् माझ्या तोंडून ढावलो निघाला. आमच्या बंजारा तांड्यातली पोरगी घर सोडते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत हे गाणं म्हणते, आणि समोरच्या बाईनं गाण्यातच उत्तर द्यायचं असतं. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, दंड दाबला. "गप. लोक बघून राहिले." गाणं अर्ध्यात तोडून मी गाडीत बसले.

तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. बाजारात कुणाचं काही हरवलं की आधी माझ्या आजीला चोर म्हणून धरायचे, कारण आरशांचा फेटिया, आमचा घागरा, लांबूनच ओळखू यायचा. म्हणून याडीनं लग्न झाल्यावर तो उतरवला, तो कायमचा. तुमच्यातल्या, तांड्यांवरनं आलेल्या पुष्कळांच्या घरी हेच झालंय, उगाच माना खाली घालू नका.

आणि मी शिकायला गेले काय, तर फॅशन डिझाइन. पोर्टफोलिओ, डेडलाइन, भाड्याचा फ्लॅट, सगळं जमलं. पण मशीनवर बसले की हात आरशांकडेच जायचे. शेवटी फेटिये शिवले आणि ते घालून स्टेजवर ढावलो गायला लागले. पुण्याचे लोक भले, टाळ्या वाजवायचे. ढावल्याला उत्तर मात्र कोण देणार?

मग नांदेडच्या एका कॉलेजात कार्यक्रम ठरला. याडी फोनवर म्हणाली, "आम्ही मरमर करून उतरवलं, अन् तू माईकपुढं मिरव. मी न्हाई येत." तेव्हापासून मला घास गोड लागेना. तिलाच लाज वाटत असेल तर मी हे कुणासाठी करून राहिले?

आली ती. मागच्या रांगेत, नायलॉनची साडी, पदर घट्ट ओढलेला. मी गायले. कडवं संपलं, पण टाळी नाही. तांड्यावरनं आलेली एक म्हातारी उत्तर द्यायला उठली, मग दुसरी. आणि याडी खुर्च्या सारत थेट स्टेजवर. माझ्या गळ्यात पडून तिनं खणखणीत आवाजात उत्तर दिलं, सगळ्या हॉलदेखत. मी हुंदके देऊन रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तांड्यावर राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, घर कुठलं, पुण्याचं की भोकरचं, यावर मी आता डोकं फोडत नाही. आपण हाक दिल्यावर जिथनं उत्तर येतं, ते घर.

परतताना ऑटोत याडी माझ्या फेटियाची शिवण उलटून बघत होती. "आरसे लई मोठे लावलेस," म्हणाली. मग शिवण सरळ केली.

"घरी गेल्यावर माझं माप घे."