सेल्फचा वरचा बोल्ट

डोळे मिटले तरी बोल्ट दिसतोच. खरं तर मल्लिकार्जुन नूलकरांनी तो आजवर डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. इंजिनाच्या मागे, पत्र्याला लागून, नळ्या आणि वायरींच्या आड तो बसलेला असतो आणि फक्त बोटाच्या टोकाला लागतो, तोही लागला न लागला असा. पण सकाळपासून त्याच्याशी झटापट करून तो त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. जेवून येऊन ते शेडमधल्या खुर्चीवर टेकतात, गाडीच्या मडगार्डवर डोकं ठेवतात, तर पापण्यांच्या आतही तोच.

शनिवारची दुपार आहे. वरचा पत्रा तापलाय आणि सगळं गडहिंग्लज जेवून आडवं झालंय. झोप पायांकडून वर चढते आहे, पण डोकं अजून गाडीतच आहे.

गाडीचा सेल्फ मेलाय. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. ती गेली की गाडी नुसती टक् करते आणि गप्प बसते. नवी मोटर आणून ठेवली आहे, वायरी सोडल्या आहेत, खालचा बोल्ट निघालाय. वरचा तेवढा हाताला येत नाही. आणि उद्या राजश्री येणार आहे.

राजश्री त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असते. मागच्या खेपेला ती आली आणि घर बघून तिचं टाळकंच सरकलं. "अण्णा, इथं एकटे बसून काय करणार तुम्ही? चला माझ्याकडे." नूलकर म्हणाले, माझं मी सगळं करतो. "गाडी तरी चालू आहे का?" ती म्हणाली. "पैज लावा. मेस्त्री बोलवायचा नाही, स्वतः दुरुस्त करायची. पुढच्या वेळी मला स्टँडवर गाडी घेऊन न्यायला आलात तर पुण्याचं नावसुद्धा काढणार नाही. नाही आलात, तर घराला कुलूप." नूलकर पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. एकदा मारलेली रेघ पुसायची नाही, असा माणूस. त्यांनी तिथल्या तिथे टाळी दिली. गाडीचं काम तर आजवर घरातच होत आलं होतं, त्यात काय एवढं!

घरातच होत आलं होतं, पण दोघांनी मिळून, हे आज सकाळी बोनेट उघडल्यावर कळलं.

अवघड जागेतले बोल्ट त्यांची बायको इंदुमती काढायची. तिचा हात लहान. ती बांगड्या उतरवून ठेवायची, पण सवाष्णीनं मनगट रिकामं ठेवायचं नाही. दुसऱ्या बायका दोरा बांधतात, हिच्या हाताशी यायची वायरीची काळी टेप, तीच गुंडाळायची. शेजारच्या म्हणाल्या, "अगं, काळं कशाला बांधतीस?" तेव्हापासून नूलकर लाल टेप आणू लागले. दुकानदार हसायचा, हसू दे. मग ती बोनेटमध्ये वाकायची आणि हे टॉर्च धरून सूचना द्यायचे. इंदुमतीला जाऊन आता वर्ष होत आलंय.

"जेवला नव्हं?"

नूलकर मान वर करतात. बोनेटच्या पलीकडे, स्टुलावर, इंदुमती बसली आहे. पदर कमरेला खोचलेला, म्हणजे कामाच्या तयारीनं आलेली. त्यांना नवल वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की हिला यायला उशीर झाला.

"बरं झालं आलीस," ते म्हणतात. "बांगड्या काढ. वरचा राहिलाय."

"आता ह्या निघत नाहीत."

ती हात पुढे करते. मनगटापासून वरपर्यंत हिरवा चुडा आहे, गच्च भरलेला. हा चुडा नूलकर ओळखतात. तिला घरातून नेलं त्या दिवशी भरलेला.

"जराशा वर सरकव."

"सरकत नाहीत हो. बघितलं मी करून."

"मग आलीस कशाला?" नूलकर खेकसतात, आणि लगेच त्यांना इतकं वाईट वाटतं की खुर्चीचा हात ते घट्ट धरतात. हे स्वप्न असेल तर एवढ्यावरून ते मोडायचं.

पण इंदुमती रागावलेली नाही. रागवायचं असतं तर ते तिनं जिवंतपणीच उरकलं असतं. "तुम्ही टॉर्च कसा धरताय ते बघाय आले," ती म्हणते. "कुठाय टॉर्च?"

"तोंडात धरावा लागतो."

"मग बरंय. बोलणं तरी बंद होत असेल." ती हसते. "जन्मभर तो टॉर्च माझ्या डोळ्यात मारलात. मी डोळे मिटून हातानं शोधायची आणि तुमचं आपलं चालू, डावीकडं घे, उजवीकडं घे."

"म्हणजे तू ऐकतच नव्हतीस?"

"एक अक्षर नाही."

नूलकरांना हसू येतं. वर्षभर छातीत काहीतरी आवळून बसलं होतं ते जरासं हलतं. "मग काढायचीस कशी?" ते विचारतात. "माझा हात त्या नळीच्या पुढं जातच नाही. सालटी निघाली बघ."

"चला, दाखवते."

ती उठते. शेडचं दार ढकलते, आणि दाराबाहेर बाजारातली बोळ आहे, हौसाबाई कासारणीचं दुकान आहे. दुकानात बांगड्यांच्या काचेच्या कपाटाच्या जागी त्यांच्या गाडीचं बोनेट उघडं आहे. दोरीवर रिंग पाने ओवून टांगलेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. हौसाबाई मांडी घालून बसली आहे आणि तिला हे सगळं नेहमीचंच दिसतंय.

"कुणाला भरायच्या?" हौसाबाई विचारते.

"यांना," इंदुमती म्हणते.

नूलकर हात मागे घेतात. "अहो, बांगड्या नाहीत, बोल्ट काढायचाय."

"मला काय त्याचं? बारक्या जागेतनं हात न्यायचा नव्हं? द्या हिकडं."

आयुष्यात पहिल्यांदा नूलकर कासारणीपुढे बसतात. इतकी वर्षं ते इंदुमतीबरोबर या दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि पायरीवरच घड्याळ बघत उभे राहिले. हौसाबाई त्यांचा हात मांडीवर घेते, बोटं चाचपते, दाबते, आणि तोंड वाकडं करते.

"लई ताठ हात आहे हो यांचा."

"त्या दिवशी माझासुद्धा एवढा ताठ नव्हता," इंदुमती म्हणते.

हौसाबाई फिस्सकन हसते. नूलकर हसत नाहीत. त्या दिवशी हौसाबाईच घरी आली होती. गार पडलेल्या त्या हातात एकेक हिरवी बांगडी चढवत होती, अगदी जपून, आणि ते दाराशी उभे होते. त्यांना ओरडून सांगायचं होतं, सावकाश, तिला लागेल. पण माणसं जमलेली, असलं काही बोलतात का?

"दुखलं का गं तुला?" ते आता विचारतात. हे विचारायचं वर्षभर राहून गेलं होतं.

"छे हो. दुखत होतं ते तुम्हाला."

हौसाबाई त्यांचा अंगठा तळव्यात दुमडते. त्याच्यावर करंगळी. बाकीची बोटं जवळ ओढून एकावर एक आणते, आणि एवढा रुंद पंजा बघता बघता निमुळता होतो. "आता हात माझ्याकडं सोडून द्या," ती म्हणते. "तुम्ही धरून ठेवलासा की हाडाला लागतंय. बाया डोळे मिटून गप्पा मारत बसत्यात, बांगडी कधी चढली कळत नाही."

"सोडलाय की."

"कुठं सोडलाय? खांद्यातनं धरलाय. साबण लाव गं इंदे."

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांची लग्नानंतरची भाड्याची खोली आहे. मोरीत नळ चालू आहे. इंदुमती त्यांना मोरीच्या कट्ट्यावर बसवते आणि त्यांच्या हाताला साबण लावू लागते, राजश्री लहान असताना तिच्या हाताला लावायची तसा. बांगड्या किणकिणतात. पाणी गार आहे. नूलकरांना वाटतं, बोल्ट राहू दे, गाडी राहू दे, हे चालू राहू दे.

"पुण्याला जाऊ का गं?" ते विचारतात.

"जायचं असेल तर जावा. पण बोल्ट निघाला नाही म्हणून जाऊ नका."

"आणि राहिलो तर?"

"तर माझ्यासाठी राहू नका. मी काय त्या शेडमध्ये बसलेली नाही."

"तू नाहीस तर बोल्ट काढून करू काय?" ते म्हणतात, आणि भरून आलेलं लपवत नाहीत. "निघाला तर सांगू कुणाला?"

इंदुमती साबण लावायची थांबत नाही. "राजश्रीला सांगा."

"तिला कशाला? ती तर माझ्या हरण्याची वाट बघत बसली असेल."

"काय तरीच! रोज देवापुढं उभी राहून म्हणती, अण्णांची गाडी चालू होऊ दे. सासू विचारती, एवढं काय मागतीस? तर सांगत नाही."

"मग पैज कशाला लावली?"

"तुम्ही खुर्चीतनं उठत नव्हता म्हणून."

नूलकर साबणाच्या हाताकडे बघतात. नळाचं पाणी तेवढं पडत राहतं. खरंच, गेल्या वर्षात ते उठले कधी, चालले कधी, हे त्यांना आठवत नाही. आठवतं ते सकाळचं. बोनेट उघडलं, बाह्या सारल्या, आणि पहिल्यांदा जेवायची वेळ टळून गेली तरी ध्यानात आलं नाही.

"आता घाला हात," इंदुमती म्हणते. मोरी नाही, समोर इंजिन आहे. पाना तळहाताशी धरलेला आहे. तिनं मागून त्यांचं मनगट पकडलंय.

"डोळे मिटा."

"मिटलेलेच आहेत."

"आणखी मिटा."

हात नळीपाशी येतो. अडतो. नूलकर सवयीनं जोर लावायला जातात, तर ती मनगटावर हलकेच दाबते. ते खांदा सोडतात. हात पुढे सरकतो, नळीच्या खालून, वायरींच्या मधून, आणि बोटांना एक गार, कोनांचा माथा लागतो.

"लागला!" नूलकर पोरासारखे ओरडतात. "इंदू, लागला!"

"मग हळू. आधी जरासा आवळा."

"आवळू? सोडायचाय नव्हं?"

"आधी आवळायचा. गंज हलतो, मग तो सुटतो. दर वेळी सांगायची मी, पण तुम्ही बोलत असायचा."

त्यांना म्हणायचंय, आता बोलत नाही, आता सांग, आणखी काहीही सांग. ते मागे वळतात. बाहेर गल्लीत गॅसचा टेम्पो भोंगा वाजवत जातो, आणि नूलकर जागे होतात.

शेड तीच आहे. गालावर मडगार्डच्या कडेचा वळ उठलाय. स्टूल रिकामं आहे. ते त्या स्टुलाकडे बघतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं, की मांडीवरचा उजवा हात ओला आहे.

हाताला साबण आहे. बोटांच्या बेचक्यांत फेस आहे आणि त्यातले बुडबुडे अजून फुटताहेत. शेडमध्ये पाणी नाही, साबण नाही. नळ घराच्या मागे आहे. आणि मनगटावर, जिथून तिनं धरलं होतं, तिथला फेस पुसला गेलाय. बारीक बोटांच्या रेघा, शेजारी शेजारी.

नूलकर हात हलवत नाहीत. श्वाससुद्धा जपून घेतात. हात असाच ठेवावा, जन्मभर धुवू नये, असं त्यांना वाटतं. पण पत्रा तापलेला आहे आणि फेस कडेकडेनं वाळू लागलाय. थोड्या वेळानं तिथे नुसती पांढरी खपली राहील. आणि ओला आहे तोवर हात आत घातला, तर त्या रेघा नळीला पुसून जातील. त्यांना रडू येतं. शेडमध्ये दुसरं कुणी नाही, त्यामुळे ते रडून घेतात.

मग उठतात. पाना तळहाताशी धरतात, अंगठा आत दुमडतात, करंगळी त्याच्यावर. बोनेटमध्ये वाकतात आणि डोळे मिटतात. नळी मनगटावरून घासत जाते. काय पुसलं जातंय ते त्यांना कळतं, तरी ते हात मागे घेत नाहीत. बोल्ट लागतो. पाना बसतो. ते आधी जरासा आवळतात. काहीतरी कुरकुरतं. मग उलटा जोर देतात, आणि इतका वेळ छळणारा तो बोल्ट मुकाट्यानं फिरतो.

काळा झालेला हात बाहेर येतो तेव्हा मुठीत बोल्ट असतो. हातावर साबणाचा मागमूससुद्धा नाही. नूलकर सवयीनं एकदा घराकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात, इंदुमतीला सांगायला. मग डाव्या हातानं फोन उचलतात.

"राजश्री," ते म्हणतात, "सेल्फचा वरचा बोल्ट निघाला."

पलीकडे ती हुंदके देऊन रडायलाच लागते. मागून तिच्या सासूबाई विचारताहेत, अगं काय झालं, काय झालं, आणि तिला सांगता येत नाहीये.

"ऐकालीस नव्हं?" नूलकर म्हणतात. "उद्या स्टँडवर थांब. रिक्षा करू नकोस."