कांतामावशींनी परत आणलेला कचरा

येरमाळ्याच्या फाट्यावर भूमची एसटी धरायला उभी होते, तेव्हा कांतामावशींच्या मुलीचा फोन आला. "सिस्टर, आई गेली…" त्याला आता तीन आठवडे झाले.

भूममधल्या एका पोटाच्या दवाखान्यात मी नर्स आणि मावशी सफाईला. मान खाली घालणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चौदा एप्रिलच्या जयंतीची सुट्टी त्या मागत नसत, सांगून जात. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा उन्हाळा नेहमीपेक्षा जास्तच पेटला होता. साठवलेलं टँकरचं पाणी पिऊन जुलाब-उलट्या झालेले पेशंट व्हरांड्यातही झोपलेले. सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताळलेला कापूस यांचे ढीग साचले आणि तो कचरा नेणारी गाडी काही येईना. डॉक्टर म्हणाले, "मागच्या ओढ्यात टाका. कोरडाच आहे."

"आज कोरडा हाय," मावशी म्हणाल्या. "पाणी आलं की समदं खाली आमच्या वस्तीच्या हिरीत जाईल. म्या टाकणार न्हाय."

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. कचरा दुसऱ्या कुणीतरी टाकला. मी बघत होते… आणि गप्प होते.

मग ऐन मे महिन्यात, कधी नव्हे तो, आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. ओढा दुथडी वाहिला. चारच दिवसांत वस्तीतली माणसं पोट धरून आमच्याच दवाखान्यात आली. त्यांच्या मागोमाग मावशी, डोक्यावर गोणी घेऊन. विहिरीतून, काठच्या चिखलातून हातांनी वेचलेलं सगळं त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ओतलं.

"तुमचंच हाय न्हवं हे? वळखा की!"

वस्तीवरच्या बायका दारातून हलेनात. संध्याकाळपर्यंत विहीर उपसायला माणसं लागली, कचऱ्याची गाडीही आली. मावशी कामावर परतल्या त्या एका अटीवर: कचऱ्याच्या खोलीत फक्त त्यांचाच हुकूम चालेल.

वेचताना बोटांत सुया घुसल्या होत्या. पुढं काही वर्षांनी कावीळ झाली, लिव्हर गेलं. त्या सुयांमुळंच का, ते कुणी खात्रीनं सांगेना. शेवटी भेटले तेव्हा मी म्हटलं, "मावशी, हातमोजे तरी घालायचे…"

"हातमोजं हुडकत बसू? लेकरं त्याच हिरीचं पीत व्हती."

त्या खोलीत आता मी जाते. लाल-पिवळ्या डब्यांच्या वर, भिंतीवर, मावशींचं ठसठशीत अक्षर आहे: 'गाडीबिगर भायेर काय बी जाणार न्हाय.' मागच्या आठवड्यात गाडी पुन्हा एकदा आलीच नाही. डॉक्टरांनी आधी ओढ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "नाही टाकणार, डॉक्टर."