अप्पांचा लाल चहा

आई गेल्यावर मी अप्पांना मनमाडहून नाशिकला माझ्याकडे घेऊन आले. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झालेली, माणूस शिस्तीचा. बीपीची गोळी वेळेवर घ्यायचे, कमी मिठाची भाजी बिनतक्रार जेवायचे आणि मग दिवसभर टीव्हीसमोर गप्प बसून राहायचे. शेवटी मी जबरदस्तीनेच त्यांना रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर पाठवायला लागले.

तिथे बाकांवर बसणाऱ्या सगळ्यांनाच बीपी होतं आणि प्रत्येकाकडे त्यावर आपापला जालीम उपाय होता. अप्पा घरी आले की मला त्या दिवसाचं औषध कळायचं. कधी कच्चा लसूण, कधी शेवग्याचा पाला, कधी त्र्यंबकच्या रस्त्यावरून कुणीतरी आणलेली अर्जुनाची साल. लसणाच्या दिवसांत माझा नवरा गाडीच्या काचा उघड्या ठेवून त्यांना फिरवायचा. पण मला बरं वाटत होतं. अप्पा पुन्हा बोलायला लागले होते.

मग एका सकाळी ते स्टीलची बाटली घेऊन आले.

"जास्वंदीच्या फुलांचा चहा," म्हणाले. "वर लिंबू पिळलंय. ट्रॅकवरच्या एका मॅडमनी दिला. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. एकट्याच राहतात, इथंच मागच्या गल्लीत. पिऊन बघ, लय भारी."

मी घोटभर प्यायले आणि माझे डोळे मिटले, इतकं ते आंबट होतं. जन्मभर दुधाचा गोड चहा पिणाऱ्या अप्पांनी मात्र बाटली रिकामी केली. त्यानंतर ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फिरायला जाऊ लागले. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघायचो.

पुढे एकदा मी ऑफिसला निघत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी ट्रॅकवरून बोलतेय. तुमच्या वडिलांना गरगरलं. शुद्धीवर आहेत, घाबरू नका. मी त्यांना रिक्षाने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतेय, तुम्ही तिकडेच या."

मी धावतपळत दवाखान्यात पोचले. अप्पा पलंगावर बसले होते आणि शेजारी सुती साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बारीकशा बाई ताठ उभ्या होत्या. बीपीचा आकडा बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, गोळी घेताय ना?"

अप्पा शर्टाची वर केलेली बाही खाली ओढायला लागले.

"अप्पा?" मी म्हटलं.

"बंद केली," ते हळूच म्हणाले. "मॅडमच्या चहाने लय बरं वाटत होतं. म्हटलं, आता गोळी कशाला?"

मॅडम गर्रकन वळल्या. "अहो, मी स्वतः गोळी घेते! गोळी घेऊन वर चहा पिते. मी कधी म्हटलं गोळी सोडा?"

"तुम्ही नाय म्हटलं. मलाच वाटलं."

"वाटलं? रेल्वेत असंच वाटलं म्हणून हिरवा झेंडा दाखवायचात का?"

सगळ्यात आधी अप्पाच हसले. मग डॉक्टर. मग मीही. कित्येक महिन्यांत अप्पांना असं कुणी दटावलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना दुपारपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि आजवर खाल्लेला-प्यायलेला एकेक झाडपाला विचारून घेतला. अर्जुनाची साल बंद झाली. "चहा घ्यायचा तर थोडाच, आणि मला सांगून," ते म्हणाले. "गोळीच्या जोडीला असलं काही घेतलं तर बीपी नको तितकं खालीही जाऊ शकतं." मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही तुमच्या डॉक्टरांना या चहाचं सांगितलंय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या आणि गृहपाठ विसरलेल्या मुलीसारख्या जमिनीकडे बघायला लागल्या. आता हसायची पाळी अप्पांची होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अप्पांना मॅडमचा फोन यायला लागला. "गोळी घेतली?" "घेतली. तुम्ही?" एवढंच बोलणं असायचं. पुढे पुढे ते इतकं लांबत गेलं की अप्पांचे पोहे गार व्हायचे.

एका रविवारी अप्पा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि उगाचच डबे सरळ करत उभे राहिले.

"मॅडमना जेवायला बोलवू म्हणतो."

"बोलवा की. कधी?"

"रोज," अप्पा म्हणाले.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मला हसूही आलं आणि रडूही.

दोघांनी रजिस्टर लग्न केलं. अप्पांचे कळवणचे भाऊ आधी फुरंगटले होते, पण आले, आणि जेवायला बसल्यावर सगळ्यात जास्त जिलब्या त्यांनीच खाल्ल्या. आता दोघं मॅडमच्या घरी राहतात. मी त्यांना आई म्हणत नाही, मावशी म्हणते, आणि ते त्यांनाही आवडतं.

गेल्या महिन्यात ते कळवणला गेले होते. तिथून काकांचा फोन आला. "अगं, दादा चुलीपुढं बसून भाकरी थापतोय, आन् वहिनी त्याला हसतेय. सगळं घर बघायला उभं हाय."

अप्पा आणि भाकरी! मी म्हटलं, "काका, आधी फोटो पाठवा."