त्रिवेणीचा कागद आणि शिवराज सरांची तांबडी शाई

मलकपेठेत शिवराज सरांच्या हाती लग्नपत्रिका द्यायला लोक बिचकत. दिली की चष्मा कपाळावर, तांबडं पेन खिशाबाहेर. त्यातून इंग्रजीतली तुलनेची वाक्यं म्हणजे सरांची खास शिकार. सुलतान बाजारात एका साडीवाल्यानं 'आमचे भाव इतर दुकानांपेक्षा कमी' अशी इंग्रजी पाटी लावली, तर सर तिथंच अडून बसले. "बाबा, भावाची तुलना भावाशी कर. दुकानाशी कशी करतोस?"

"हौ साब, साडी लेते क्या?" तो म्हणाला. सरांनी साडी घेतली नाहीच, पाटी मात्र दुरुस्त करून आले.

जामबागेतल्या शाळेत एकोणतीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. शाळेतली मुलं कमी होत गेली. या एप्रिलात संस्थेनं ठरवलं, इंग्रजीला एकच शिक्षक राहील: शिवराज सर नाहीतर त्रिवेणी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिकवणारी. दोघांनी आपल्या कामाची दुसऱ्याच्या कामाशी तुलना करून इंग्रजीत एक पान द्यायचं. अध्यक्ष भाषेबाबत सरांहून खाष्ट, चूक दिसली की कागद पुढं वाचतच नसत. सरांना चौपन्नावं लागलेलं. या वयात दुसरी शाळा कोण देणार?

पान द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्रिवेणी सरांच्या दारात उभी. "सर, एकदा बघता का? सवयच आहे ना, तुम्ही बघितल्याशिवाय देववत नाही."

"बरी आहेस," सरांच्या पत्नी शोभाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खुर्ची यांची घ्यायची, ती पुसूनही यांच्याकडूनच घ्यायची."

त्रिवेणीचा चेहरा पडला. "जाते मी, सर."

"बस," सर म्हणाले.

तिनं लिहिलं होतं, माझे निकाल शिवराज सरांपेक्षा चांगले. सर हसले. "अगं, निकाल माझ्यापेक्षा कसे चांगले? माझ्या निकालांपेक्षा म्हण. आणि कितीनं? आकडा घाल."

ती हळूच म्हणाली, "माझ्या वर्गात चौतीसपैकी एकतीस पास. तुमच्या तेहतीसपैकी एकोणीस."

हा हिशेब सरांनी कधी शेजारी शेजारी मांडलाच नव्हता. पेन बराच वेळ कागदावर अधांतरी राहिलं.

"राहू द्या की एखादी चूक," शोभाबाई दारात येऊन पुटपुटल्या.

सरांनी वाक्य दुरुस्त केलं, आकडे घातले, आणखी सात ठिकाणी शाई लावली. "घरी जाऊन स्वच्छ उतरव," म्हणाले. स्वतःचं पान त्यांनी मग दोन ओळींतच आटोपलं.

जूनमध्ये शाळा उघडली, इंग्रजीला आता त्रिवेणी होती. साडेसातला सर इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेरच्या खुर्चीत बसलेले. शोभाबाईंच्या हातून सवयीनं डबा भरला गेला होता. त्यांनी तो उघडला, पोळी-भाजी ताटलीत काढली आणि सरांपुढं ठेवली.

"आज गरम तरी खा," त्या म्हणाल्या.

सरांनी एक घास घेतला, मग ताटली बाजूला सारली.