दोरीवरचे कपडे

माझा साडू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे आणि मी त्याच्यावर जळतो. सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मी जन्मभर कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरी केली, त्याने समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात. दिवा लावताना वीज कुणाची ते कुणी विचारत नाही. पण आमची ही मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे राहून आली की हटकून म्हणायची, "तिच्याकडे दोरीवरचे कपडे पांढरेच्या पांढरे वाळतात हो." आमच्या वसाहतीत कपडे काढताना आधी झटकावे लागत. ते एक वाक्य मला जन्मभर पुरलं.

निवृत्तीनंतर मी वारज्यात फ्लॅट घेतला, तर या गृहस्थाने शेजारच्याच इमारतीत घेतला. तेव्हापासून विजेचं काहीही निघालं की सगळे त्याला विचारतात. आमच्या घरातला फ्यूज उडाला तरी मुलगा फोन त्यालाच लावतो. एकदा तरी घरातल्या कुणी आधी मला विचारावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून आठवीतली नात शाळेचा 'स्वच्छ वीज' प्रकल्प घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी हुरळून गेलो. कार्डशीटवर तिने दोन रकाने आखले होते, कोळसा आणि अणू. 'कचरा' या ओळीत मी अणूखाली तिला भरभरून लिहायला लावलं: वापरलेलं इंधनही घातक असतं, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसावं लागतं. त्यात खोटं काही नव्हतं. कोळशाखालचा चौकोन आला तेव्हा म्हटलं, "राहू दे, नंतर बघू."

रविवारी साडू चहाला आला. नातीने तक्ता त्याच्यापुढे धरला. मी वादाच्या तयारीने सरसावून बसलो. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं.

"दादांनी बरोबर सांगितलंय," तो म्हणाला. "कचरा निघतो थोडासाच, पण कडेकोट बंद करून ठेवावा लागतो. वाऱ्यावर सोडून चालत नाही."

नात माझ्याकडे वळली. "मग आजोबा, तुमचा कचरा तुम्ही कुठे ठेवायचात?"

मी राख साठवायच्या तळ्याबद्दल सांगायला लागलो. चिमणीपाशी येऊन अडखळलो.

"माझ्या दोरीवर," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. पाठोपाठ तिची नेहमीची खोकल्याची उबळ, जिला आम्ही इतकी वर्षं हवाबदलाची म्हणत आलो.

मी नातीकडून स्केचपेन मागून घेतलं आणि रिकाम्या चौकोनात माझ्या अक्षरात लिहिलं, 'धूर आणि राख. ठेवायला जागा नाही, म्हणून सगळ्यांच्या घरात.' लिहायला मला जरा वेळच लागला.

मान वर केली तर साडू जागेवर नव्हता. तो आत जाऊन हिला पाणी देत होता. तेही माझ्या आधी.