भात्याचे दोन हिसके

उंब्रजच्या नाक्यावरचा तो लोहार उत्तर देण्याआधी भात्याला दोन हिसके द्यायचा. तेवढ्यात त्याची थाप तयार व्हायची.

एकदा खाणीतल्या परदेशी छिन्न्यांना देशी तोड शोधणारे संशोधक साहेब आले. "तुमच्या छिन्नीची धार इतकी टिकते कशी?"

दोन हिसके. "तापली छिन्नी खाऱ्या ताकात इझवतो, सायेब."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. ते गेल्यावर मी म्हणालो, "साध्या पान्यात इझवतुयास की रं!" त्यानं नुसता डोळा मारला.

दोन महिन्यांनी गेलो, तर भट्टीशेजारी ताकाची घागर!

"सायबांचं पत्र आलंय," तो मान खाली घालून म्हणाला. "त्यांनी तपासलं. ताकातली धार लय टिकती म्हनं."

या वेळी त्यानं भात्याला हातही लावला नव्हता.